वर्गणी काढून तिकीट निघतं, व्हिसा निघत नाही: ई-स्पोर्ट्स भरवणाऱ्यांना कोल्हापुरातून खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली
आणि इंटरनॅशनल स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्या गेम कंपन्या, ऑर्गनायझर आणि टीमचे मालक

नमस्कार,

सरळ मुद्द्यावर येते. तुमच्या ई-स्पोर्ट्सचे, म्हणजे कॉम्प्युटर-मोबाइलवरच्या गेमच्या स्पर्धांचे, क्वालिफायर म्हणजे पात्रता फेऱ्या ऑनलाइन होतात, त्यामुळं जगातल्या कुठल्याही गावातला पोरगा आपल्या खोलीत बसून खेळतो आणि जिंकतो, आणि जिंकला की लगेच तुमचा मेल येतो की पुढचा राउंड लॅनवर, म्हणजे सगळ्यांनी एका हॉलमध्ये समोरासमोर बसून खेळायचा आहे, बर्लिनला या, सोलला या, अमेरिकेला या, तारीख अमुक अमुक. तारीख बघितली की तीनेक आठवडे हातात असतात. तेवढ्यात पासपोर्ट, अपॉइंटमेंट, फी, बँक स्टेटमेंट, तिकीट सगळं त्या पोरानं बघायचं आणि नाही जमलं तर रोस्टर लॉकच्या, म्हणजे टीमची नावं पक्की करायच्या, दिवशी त्याच्या जागी दुसरं नाव टाकून स्पर्धा चालू. कोण चुकलं म्हणून कुणी विचारत पण नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की स्लॉट म्हणजे स्पर्धेतली जागा तुम्ही देता ना, मग त्या स्लॉटपर्यंत पोचायला जो कागद लागतो त्याची जबाबदारी पण तुमच्यावरच पाहिजे, एकोणीस वर्षाच्या पोरावर आणि त्याच्या आईबापावर नको.

मी राजारामपुरीत व्हिसाच्या फायली लावायचं काम करते. आमच्याकडं येणारी बहुतेक पोरं जर्मनी, आयर्लंड, कॅनडाला शिकायला जाणारी, त्यांच्या फायली आता डोळे झाकून लावता येतात कारण युनिव्हर्सिटीचं पत्र कसं असतं, फी भरल्याची पावती कशी असते हे सगळं ठरलेलं आहे आणि समोरच्या ऑफिसरला पण ते माहीत आहे. गेमर पोरं यायला लागली तसं लक्षात आलं की ह्यांच्या बाबतीत काहीच ठरलेलं नाही. फॉर्मवर व्यवसाय काय लिहायचा इथंच गाडी अडते. नोकरी नाही म्हणून कंपनीचं एनओसी नाही, कॉलेज असलं तर कॉलेज म्हणतं आम्ही कसली रजा देऊ हा काय युनिव्हर्सिटीचा खेळ आहे का. बक्षिसाचे पैसे कुठल्या खात्यात येतात तर वडिलांच्या, कारण पहिली स्पर्धा जिंकली तेव्हा पोरगा अठराचा पण नव्हता.

शिरोळ तालुक्यातल्या एका पोराची फाईल सांगते, नाव सांगणार नाही. घर उसाचं. वडिलांच्या नावावर इन्कम टॅक्स रिटर्न नाही, कारण शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही तर रिटर्न कशाला भरतील ते. कारखान्याचं बिल एकदम येतं, त्यामुळं बँक स्टेटमेंटला चार महिने काही नाही आणि मग एका दिवसात मोठी रक्कम, आणि परदेशातला ऑफिसर असलं स्टेटमेंट बघितला की त्याला वाटतं कुणाकडनं तरी उसने आणून टाकलेत व्हिसापुरते. मग आम्ही सातबारा जोडला, उसाच्या बिलाच्या पावत्या जोडल्या, सोसायटीचं पासबुक जोडलं, हे सगळं मराठीत, म्हणून त्याचं इंग्रजी भाषांतर, त्यावर नोटरीचा शिक्का. तेवढी सगळी फाईल आम्ही एका आठवड्यात उभी केली बघा. आणि अडलं कुठं, तर तुमच्या बाजूनं आलेल्या इन्व्हिटेशन लेटरवर.

त्या पत्रात पोराचं गेममधलं नाव होतं. पासपोर्टवर तीन शब्दांचं नाव, मधे वडिलांचं, आणि पत्रात टीमचा टॅग आणि पुढं त्याचं हँडल, त्यात ओ च्या जागी शून्य. राहायचा खर्च कोण करणार ते लिहिलेलं नाही. स्पर्धा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते नाही, नुसता महिना. खाली सही नाही, फोन नंबर नाही, एक सपोर्टचा ईमेल आयडी, ज्यावर मेल टाकला की आपोआप उत्तर येतं की तुमची तक्रार नोंदवली आहे. आम्ही दुरुस्त पत्र मागितलं, दोनदा मागितलं, आलं तेव्हा अपॉइंटमेंट होऊन गेली होती. पोरगा घरी बसून आपल्याच टीमची मॅच स्ट्रीमवर बघत होता आणि त्याच्या जागी ऐनवेळी घेतलेला दुसरा पोरगा खेळत होता. त्या पत्रावर नीट नाव टाकायला कुणाला पाच मिनिटं लागली असती का?

आता कोण म्हणेल हे फक्त भारतातल्या पोरांचं रडगाणं आहे. अजिबात नाही. स्वीडनचा विल्यम येल्टे, गेममधलं नाव लेफेन, स्मॅश ब्रदर्स मेले ह्या फायटिंग गेममधला जगातल्या वरच्या खेळाडूंपैकी एक, त्याला २०१५-१६ मध्ये अमेरिकेत खेळायला व्हिसा मिळेना कारण हा गेम म्हणजे खरा खेळ आहे हेच तिथल्या इमिग्रेशनवाल्यांना मान्य नव्हतं. स्वीडनच्या पासपोर्टवाल्याची ही गत. लोकांनी व्हाइट हाउसकडं अर्जावर सह्या केल्या, गवगवा झाला, मग २०१६ ला जमलं. तोच पोरगा २०१८ ला लास वेगासमध्ये एव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा जिंकला. सगळ्यांच्या मागं सह्या करणारे एवढे लोक नसतात, म्हणून बाकीच्यांची नावं आपल्याला माहीत पण होत नाहीत.

फिलिपिन्सची ब्रेन ई-स्पोर्ट्स, व्हॅलोरंट ह्या शूटिंग गेमची टीम, २०२१ ला बर्लिनच्या मास्टर्स ह्या इंटरनॅशनल स्पर्धेला क्वालिफाय झाली आणि व्हिसा न झाल्यानं गेलीच नाही, त्यांच्याशिवाय स्पर्धा झाली. व्हिएतनामच्या लीग ऑफ लेजेंड्सच्या टीम २०२० आणि २०२१ अशा दोन वर्ल्ड्सना, म्हणजे जागतिक स्पर्धांना, पोचू शकल्या नाहीत, ते कोविडच्या प्रवासबंदीमुळं, ते समजू शकते, पण खेळाडूच्या वयाचा विचार करा. ह्या खेळात करिअर किती वर्षांचं असतं, सतरा-अठराला चालू होतं आणि पंचविशीत लोक म्हातारा म्हणायला लागतात. त्यातली दोन वर्षं गेली म्हणजे काय गेलं ते खेळणाऱ्यालाच कळतं.

अमेरिकेचा नियम जरा सविस्तर सांगते कारण पोरं आम्हाला सगळ्यात जास्त त्याबद्दलच विचारतात. तिकडं खेळाडूंसाठी पी-१ए नावाचा व्हिसा आहे. २०१३ मध्ये कॅनडाच्या डॅनी ले ह्या लीग ऑफ लेजेंड्सच्या खेळाडूला तो मिळाला, गेममधलं नाव शिफ्टर, आणि ई-स्पोर्ट्सवाल्यांना पण अॅथलीट म्हणून हा व्हिसा मिळतो हे तेव्हा जगाला कळलं. चांगली गोष्ट झाली. पण तो मिळवायला खेळाडू इंटरनॅशनल लेव्हलवर ओळखला जातो हे सिद्ध करावं लागतं: आधी देशाकडनं खेळलाय का, मोठ्या लीगमध्ये एक सीझन खेळलाय का, रँकिंग आहे का, खेळाच्या अधिकृत संस्थेचं पत्र आहे का, पुरस्कार आहे का, असल्या यादीतल्या निदान दोन गोष्टी दाखवायच्या. आता सांगा, जो पोरगा पहिल्यांदाच बाहेर निघालाय त्यानं बाहेर खेळल्याचा पुरावा कुठनं आणायचा? बाहेर खेळला तर पुरावा, आणि पुरावा असला तर बाहेर.

आणि आमच्या मोबाइलवाल्या पोरांचं तर रेकॉर्ड मधनंच तुटलंय. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल बंद झाली. जुलै २०२१ ला तिची भारतासाठीची आवृत्ती बीजीएमआय आली, बरोबर एक वर्षानं जुलै २०२२ ला ती पण स्टोअरवरनं गेली, मे २०२३ ला परत आली. सरकारची कारणं सरकारला माहीत, त्या वादात मी पडत नाही, पण ज्या पोरांची सगळ्यात भरातली वर्षं ह्याच्यात गेली त्यांच्या फायलीत त्या वर्षांत दाखवायला काही नाही. ऑफिसर विचारतो ह्या मधल्या काळात काय करत होता. काय सांगायचं त्यानं?

बरं, पगार न घेता फक्त बक्षिसासाठी एका स्पर्धेला जायचं असेल तर अमेरिकेला बी-१ ह्या बिझनेस व्हिसावर पण जाता येतं. पण त्या व्हिसाचं मुंबईतलं वेटिंग २०२२ च्या अखेरीस दोन वर्षांच्या पुढं गेलं होतं. दोन वर्षांनी कुठली टीम आणि कुठला गेम, गेमचा पॅच म्हणजे अपडेट सुद्धा शंभर वेळा बदललेला असतो. युरोपचं जरा बरं, शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा, नियम सहा महिने आधी अर्ज करू देतो, साधारण १५ दिवसांत निकाल लागतो, पण शंका आली तर ४५ दिवसांपर्यंत लांबतं. आणि प्रवासाच्या १५ दिवस आधी तरी अर्ज आत पाहिजे. म्हणजे तीन आठवड्यांच्या गॅपमध्ये पोराला फाईल लावायला एक आठवडा पण मिळत नाही, आणि त्यात अपॉइंटमेंटसाठी कोल्हापुरातनं पुण्याला नाहीतर मुंबईला जायचं, रात्रीच्या गाडीनं. हे कॅलेंडर तुम्ही आखता. जगातल्या कुठल्याही वकिलातीला विचारून आखलं असतं तर असं आखलंच नसतं.

आता कोल्हापूरचं सांगते, कारण आम्हाला हा विषय नवीन नाही. खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायचं होतं तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. त्याच्या आधी १९४८ ला लंडनला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च केला. तेजस्विनी सावंत, स्वप्निल कुसाळे, ह्या मातीनं पोरांना वर काढलंय आणि दर वेळेला सरकारच्या आधी माणसं धावलीत. आजही एखाद्या पोराला परदेशात खेळायला जायचं म्हटलं तर तालमीत बसून एका संध्याकाळी वर्गणी होते, पेठेतली माणसं पैसे देतात, गेम कुठला हे न विचारता देतात, पोरगं आपलं आहे ना मग झालं. पण वर्गणी काढून तिकीट निघतं. व्हिसा निघत नाही. तो कागद फक्त तुम्ही देऊ शकता आणि तुमचं पत्र बघून वकिलात देऊ शकते, तिथं आमच्या कुणाच्या घराचं गहाणखत चालत नाही.

आणि परदेशी खेळाडू म्हणजे काय हे पण आम्हाला माहीत आहे. शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल टीमकडनं नायजेरियाची पोरं खेळलीत, सगळं स्टेडियम त्यांच्या नावानं ओरडायचं, आणि मॅच झाली की तीच पोरं इथल्या पोरांबरोबर गाडीवर मिसळ खायची. तेव्हा पण कुरकुर होतीच की आमच्या पोरांच्या जागा जातात. ती कुरकुर खोटी नाही. व्हॅलोरंटमध्ये पॅसिफिक लीगला भारतातनं ग्लोबल ई-स्पोर्ट्स ही टीम घेतली, लीग सोलमध्ये, आणि २०२३ च्या टीममध्ये आपला गणेश गंगाधर म्हणजे स्करॉसी होता तसेच कोरिया, इंडोनेशियाचे खेळाडू पण होते. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच भांडण, भारताची टीम आहे तर भारताची पोरं कुठायत. मला विचाराल तर दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर आहे. चांगल्या खेळाडूबरोबर रोज स्क्रिम म्हणजे सरावाच्या मॅच खेळल्याशिवाय आमची पोरं वर येणार नाहीत, आणि पाचातले पाच बाहेरचे घेतले तर आमची पोरं बसणार कुठं.

लीग ऑफ लेजेंड्सवाल्यांनी ह्यावर २०१४ ला नियम काढला होता की पाचात बाहेरच्या रीजनचे जास्तीत जास्त दोन. मला तो नियम आवडतो, मर्यादा स्पष्ट आहे आणि सगळ्यांना सारखी. आणि त्याच कंपनीनं २०२० ला ऑस्ट्रेलियाकडची लीग बंद केली तेव्हा तिथल्या खेळाडूंना नॉर्थ अमेरिकेत लोकल धरायचं ठरवलं, म्हणजे ज्यांची लीग गेली त्यांना दुसरीकडं जागा मिळायची वाट राहिली. म्हणून सांगते, नियम तुमच्या हातात आहेत, तुम्ही ठरवलं की एका पत्रकात बदलतात. मग व्हिसा न मिळालेल्या खेळाडूचा स्लॉट राखायचा नियम तेवढा अवघड कसा होतो?

आता जे पोचतात त्यांच्याबद्दल. व्हिसा झाला म्हणजे सुटलो असं घरच्यांना वाटतं पण खरं तिथनं पुढं चालू होतं. पोरगा टीमच्या घरात राहतो, कॉन्ट्रॅक्ट त्याच्या भाषेत नाही, वकील त्याच्याकडं नाही, व्हिसा टीमच्या नावावर म्हणजे टीमनं काढलं की देशात राहायचा आधार पण गेला. एका आईनं मला फोनवर विचारलं होतं, ताई, त्याला काढलं तर तो परत कसा येणार, आमच्याकडं तेवढे पैसे नाहीत. ते वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाही. अमेरिकेत ह्याच्यावर कायदा आहे: पी व्हिसावर आणलेल्या माणसाला मुदतीआधी काढलं, म्हणजे त्यानं स्वतःहून सोडलं नसेल तर, त्याच्या परतीच्या प्रवासाचा खर्च बोलावणाऱ्यानं द्यायचा. किती पोरांना हे माहीत आहे? मी ज्यांना सांगितलं त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. टीमवाल्यांनो, हे कॉन्ट्रॅक्टमध्येच लिहा, कुठल्याही देशात लिहा, आणि व्हिसाची वाट बघत पोरगा घरी बसलाय त्या महिन्यांचा पगार पण द्या, कारण तेवढ्या दिवसांत दुसऱ्या टीमकडं जायचं त्याला तुमच्याच कॉन्ट्रॅक्टनं बांधून ठेवलेलं असतं. आणि पासपोर्ट पोराच्याच बॅगेत राहिला पाहिजे, मॅनेजरच्या कपाटात नाही. ह्याच्यावर मला काही ऐकायचंच नाही.

क्रीडा मंत्रालयाला वेगळं सांगायचंय. २०२१ ची डोटा ह्या गेमची इंटरनॅशनल नावाची स्पर्धा, ४ कोटी डॉलरची बक्षिसं, स्टॉकहोमला ठरली होती. स्वीडनच्या क्रीडा महासंघानं ई-स्पोर्ट्सला सभासद करून घ्यायला नकार दिला, सरकारनं पण स्पर्धेला वरच्या दर्जाच्या क्रीडास्पर्धेत धरलं नाही, त्यामुळं खेळाडूंना व्हिसा मिळायची खात्री राहिली नाही आणि आख्खी स्पर्धा उचलून बुखारेस्टला न्यावी लागली. म्हणजे खेळ म्हणून मान्यता हा नुसता मानाचा विषय नाही, त्याच्यावर व्हिसा अडतो. आणि स्वीडनकडं तेव्हा जे नव्हतं ते आपल्याकडं आहे! २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ई-स्पोर्ट्स क्रीडा खात्याकडं दिलं, २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैसे लावून खेळायच्या गेमपासनं ई-स्पोर्ट्सला स्पष्ट वेगळं काढलं. जकार्ताच्या २०१८ च्या एशियन गेम्सला ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होतं तिथं तीर्थ मेहतानं हार्थस्टोन ह्या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं, पुढं हांगझोउला तर पदकाचा खेळ झाला. एवढं सगळं असताना शिरोळच्या पोराच्या फायलीत तुमच्याकडचा एक कागद नसावा ह्याचं मला वाईट वाटतं.

कुस्तीचा, नेमबाजीचा पोरगा बाहेर जाताना त्याच्याकडं फेडरेशनचं पत्र असतं, ऑफिसर ते बघतो आणि पुढचे प्रश्न कमी होतात. ई-स्पोर्ट्सच्या पोरालाही तसंच पत्र पाहिजे, की हा खेळाडू अमुक स्पर्धेला भारतातनं क्वालिफाय झालाय, हा खेळ आमच्या खात्याखाली येतो, बास, एवढ्या चार ओळी, सही-शिक्क्यासकट. ऑनलाइन अर्ज, आठवड्याच्या आत पत्र. पैसे मागतच नाही आहोत आम्ही.

आणि उलट्या बाजूनं पण बघा. परदेशातल्या खेळाडूला भारतातल्या टीमनं घ्यायचं तर एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि त्याला वर्षाला १६.२५ लाख रुपये पगाराची अट आहे. परदेशी पदार्थ करणारे स्वयंपाकी, इंग्रजी सोडून दुसरी भाषा शिकवणारे, भाषांतर करणारे अशा मोजक्या कामांना त्यातनं सूट. ही अट का आहे ते कळतं, इथल्या माणसाची नोकरी स्वस्तात बाहेरच्याला जाऊ नये म्हणून. पण मोठ्या शहरातली मोठी टीम तेवढा पगार देईल, आमच्याकडची छोटी टीम इंडोनेशियाच्या अठरा वर्षांच्या पोराला दोन महिने ट्रायलला बोलवायचं म्हटली तर तिला ही अट परवडत नाही. मग काय होतं, कुणीतरी टुरिस्ट व्हिसावर ये म्हणतं, आणि पकडला तर त्या पोराच्या पासपोर्टवर कायमचा डाग, बोलावणारा मोकळा. ट्रायलसाठी कमी मुदतीची, खेळाडूंची वेगळी सोय करा आणि बरोबर टीममागं दोनची मर्यादा घाला. आमच्या पोरांनी बाहेर जावं असं वाटत असेल तर बाहेरच्यांना पण आपल्याकडं सरळ रस्त्यानं येता आलं पाहिजे, मी हे आमच्या पोरांना पण तोंडावर सांगते, त्यांना आवडत नाही तरी सांगते.

आता कंपन्यांकडं शेवटचं मागणं. क्वालिफायर आणि लॅन ह्याच्यात निदान दोन महिने ठेवा. तेवढं जमत नसेल तर क्वालिफायरच्या शेवटच्या चार टीमना आधीच पत्र देऊन टाका, त्यातल्या तीन हरतील तर हरू देत, अर्ज फुकट गेला तर फी गेली, पण जिंकणारी टीम वेळेत निघेल. पत्रात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, स्पर्धेच्या नेमक्या तारखा, हॉलचा पत्ता, राहायचा-जेवायचा खर्च कोण करणार, बक्षीस किती आणि पगार आहे का नाही हे स्वच्छ, आणि खाली खऱ्या माणसाची सही आणि चालू असलेला फोन नंबर, ज्यावर वकिलातीनं फोन केला तर कुणीतरी उचलेल. गेममधलं नाव टाकायचंच असेल तर खाली एका ओळीत टाका. व्हिसा नाकारला गेला तर त्या खेळाडूनं मिळवलेल्या बक्षिसातला वाटा त्याला मिळाला पाहिजे आणि टीमला सब म्हणजे बदली खेळाडू घ्यायला रोस्टर लॉकनंतर पण मुभा पाहिजे. कोट्यवधी डॉलरच्या स्पर्धा तुम्ही भरवता, एक व्हिसा डेस्क आणि दोन माणसं ठेवायला तुम्हाला जड जाऊ नये.

हे पत्र मराठीत लिहिलंय कारण इथली पोरं आणि त्यांचे आईवडील पण ते वाचणार आहेत, त्यांना कळायला पाहिजे की काय मागायचा आपला हक्क आहे. इंग्रजीत करून तुमच्या सगळ्यांच्या ऑफिसला पाठवायचं काम आम्ही करतोय. त्याच्याबरोबर इन्व्हिटेशन लेटरचा एक पानी नमुना पण जोडलाय, व्हिसाला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे, नाव आणि तारखा भरल्या की झालं. पुढच्या सीझनचे क्वालिफायर चालू व्हायच्या आधी तो वापरायला घ्या, आणि कुणाला काही अडलं तर विचारा, आम्ही इथंच आहोत.

कळावे,
व्हिसाच्या फायली लावणारी एक ताई,
राजारामपुरी, कोल्हापूर